वाळकेश्वरच्या जैन मंदिरात आईला न्यायचंय, माहिती हवी

मंडळी, येत्या रविवारी आई आणि भाच्याला घेऊन डोंबिवलीहून मलबार हिलला जायचा बेत आहे. रिज रोडवरचं बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वरजी मंदिर पाहायचंय. आईचं माहेर गिरगावातलं, पण टेकडीवर म्हातारीचा बूट आणि हँगिंग गार्डन सोडून काही पाहिलं नाही म्हणते. भाचा आर्किटेक्चरला आहे, त्याला दारातले दगडी हत्ती स्केच करायचेत.

आम्ही जैन नाही. आत सोडतात ना? आईला नारळ-हार न्यायचाय, तो चालेल का? आणि तिचे गुडघे दुखतात, तर कितपत चढावं लागेल?

प्रतिसाद १
खुशाल जा, दर्शनाला कोणी अडवत नाही. फक्त चामड्याचं काही अंगावर नको: पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टासुद्धा. भाच्याला हाफ पँट घालू देऊ नका. मूर्तीचा फोटो काढायचा नाही, हत्तींचा मात्र रखवालदाराला विचारून काढा. पाळीत आत येऊ नये अशी पाटी बऱ्याच देरासरांत, म्हणजे जैन मंदिरांत, असते. मला पटत नाही, पण दारात वाद नको म्हणून आधीच सांगतेय.

मूळनायक, म्हणजे मुख्य मूर्ती, आदिनाथांची, म्हणजे पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांची. मंदिर १९०४चं. भिंतींवर तीर्थंकरांच्या चरित्रातले प्रसंग रंगवलेत आणि छतावर ग्रह. भाच्याला सांगा, हत्तींवरच सगळा वेळ घालवू नकोस, मान वर करून बघ. वर पार्श्वनाथांचं दर्शन आहे, पण जिना चढावा लागतो. आईंना खालचंच पुरे.

प्रतिसाद २
आमचं घर जैन, म्हणून नारळ-हाराबद्दल लिहितो. नका नेऊ. मूठभर अखंड तांदूळ न्या, तुकडा नको. पाटावर लोक काय करतात ते बघा: तांदळाचा स्वस्तिक, त्याच्या वर तीन छोट्या ढिगल्या, त्यांच्याही वर चंद्रकोर. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे जीव ज्यांत जन्म घेतो त्या चार गती (देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी वगैरे, आणि नरक), ढिगल्या म्हणजे ज्ञान, दर्शन (म्हणजे श्रद्धा), चारित्र्य, आणि कोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जीवांचं स्थान. आईंना जमेल तसं काढू दे, कोणी चुका काढत नाही.

प्रसादाची वाट पाहत थांबू नका. देवाला वाहिलेलं आमच्यात परत घेऊन खात नाहीत. गाभाऱ्यात फक्त आंघोळ करून, पूजेचे कपडे घालून आणि नाकातोंडावर मुखकोश (कापडी पट्टी) बांधून जातात. मूर्तीच्या नऊ अंगांना केशर-चंदन लावतात, ते बाहेर उभं राहूनही छान दिसतं. रविवारी सकाळी पूजेची गर्दी असते. गर्दी नको असेल तर संध्याकाळी आरती आणि मंगळ दिव्याला (आरतीनंतर एका दिव्याने ओवाळतात त्याला) या.

प्रतिसाद ३
दादरला गाडी बदला, ग्रँट रोडला उतरा आणि सरळ टॅक्सी करा. गुडघेदुखीवाल्या माणसाला टेकडी चढायला लावू नका. तिथून बाणगंगा जवळ आहे, पण तलावाकडे पायऱ्या उतराव्या लागतात आणि उतरलेल्या परत चढाव्याही लागतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार! बाणगंगा रद्द, संध्याकाळची आरती नक्की. नारळ नको म्हटल्यावर आईचं तोंड एवढंसं झालं होतं, पण तांदळाचं वाचून दाखवलं आणि ती लगेच ताट घेऊन आंबेमोहोर निवडायला बसली. आता एवढंच सांगा, आरतीनंतर गिरगावात रविवारी रात्री बसून खायला बरं काय उघडं असतं? भाचा म्हणतोय वडापाव, आई म्हणतेय साबुदाणा वडा.