हॅलोविन, लक्ष्मीपूजन आणि बाहेरचा दिवा : तुमच्या घरी कसं असतं?

सांजवात
काल बेसमेंटमधून आकाशकंदिलाचा खोका वर आणला. कंदिलाच्या खाली लेकीची काळी पँट निघाली, वर पांढरी हाडं छापलेली. २०२४ ची. आता ती तिला गुडघ्यापर्यंतच येईल. तिथेच पायरीवर बसले आणि तो अख्खा दिवस आठवला, म्हणून हा धागा.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला आमच्याकडे (मिसिसॉगा, टोरोंटोच्या शेजारी) लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन (मुलं भुताखेतांचे वेष करून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात, दारात कोरलेले भोपळे ठेवतात तो सण) एकाच संध्याकाळी आले. पुण्यात बहुतेकांचं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. अमावस्या एकच, पण आपण साडेनऊ तास मागे, त्यामुळे १ तारखेच्या आपल्या संध्याकाळपर्यंत ती संपलेली. सासूबाई तेव्हा इथे होत्या. लेक पहिलीत, सापळा व्हायचं हे तिचं सप्टेंबरपासून ठरलेलं. शाळेतून तशीच आली आणि देवघरासमोर उभी राहिली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लक्ष्मी यायच्या वेळेला दारात हाडं?" रागावल्या नाहीत, गप्प झाल्या. माझ्या पोटात गोळा आला. लेकीला कपडे बदल म्हणावं तर तिची वर्षाची हौस, न म्हणावं तर सासूबाईंची ही इथली पहिली दिवाळी.

मी रांगोळी उंबऱ्याशी काढली, कोरलेला भोपळा खाली पायऱ्यांपाशी नेला. सासूबाईंनी विचारलं, कुठल्या घरी जायचं हे मुलांना कळतं कसं? म्हटलं, ज्यांच्या बाहेरचा दिवा चालू असतो तिथेच जातात.
"आणि दिवा नसेल तिथे?"
"पुढे जातात."
त्या आत गेल्या, दोन पणत्या जास्तीच्या घेऊन आल्या आणि कठड्यावर ठेवल्या. पूजा झाली, लेकीने सापळ्याच्या वेषातच आरतीला टाळ्या वाजवल्या. मग सासूबाई शाल पांघरून दारात खुर्ची टाकून बसल्या. वाघ झालेल्या एका चिमुरड्याला "ये रे वाघोबा" म्हणून दोन चॉकलेटं दिली. रात्री पुण्याला फोन लावून सांगत होत्या, एकशे बारा मुलं आली माझ्या दारात.

त्या आता नाहीत. यंदा खुर्ची मी टाकणार आहे.

तुम्ही कसं जमवता? हॅलोविनच असं नाही. ईद, नाताळ, हनुका, वैशाखी, मुलं शाळेतून जे जे घेऊन येतात ते सगळं. लिहा.

कोथिंबीरवडी
वाघोबावर डोळे भरून आले गं. ऑफिसात आहे, रात्री लिहिते.

भरतीओहोटी
एडिसन, न्यू जर्सी. रांगोळीवरून एक डायनोसॉर चालत गेला, शेपूट ओढत. लेकाने "मम्मा, लक्ष्मीची पावलं पुसली" म्हणून भोकाड पसरलं. डायनोसॉरची आई पंजाबी, तिने तिथल्या तिथे बसून पावलं पुन्हा काढून दिली, माझ्यापेक्षा सुबक. तेव्हापासून दर दिवाळीला ती येते.

नूरजहाजी
मूळ रत्नागिरी, आता ब्रॅम्प्टन. आम्ही हॅलोविन करत नाही, पण दारात आलेल्या पोराला रिकाम्या हाताने पाठवतही नाही. कुणाचंही पोर असो, आमच्या अम्मीला ते जमलंच नसतं.
खरी गंमत दुसऱ्या दिवशी असते. जिलेटिन! जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात ते. गमी बेअर, मार्शमॅलो, जे जे लवचिक ते बहुतेक आम्हाला चालत नाही. शेजारचं गुजराती कुटुंब जैन, त्यांनाही चालत नाही. पलीकडच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. मग आमच्या किचन टेबलावर तिन्ही घरच्या पिशव्या रिकाम्या होतात. चष्मे लावून आम्ही तिघी बारीक अक्षरं वाचतो, ढीग करतो. शेंगदाणेवाले आमच्याकडे, जिलेटिनवाले ॲलर्जीवाल्या पोराकडे, साधं चॉकलेट सगळ्यांना. आठ वर्षं झाली. रमजानमध्ये त्याच टेबलावर जैन काकू खास आमच्यासाठी खजुराचे लाडू ठेवून जातात.

सांजवात
@नूरजहाजी, हे टेबल मला बघायचंय! आमच्याकडेही पाकिटामागचं मीच वाचते, पण एकटी.

नूरजहाजी
ये ना. १ तारखेला संध्याकाळी. पिशवी घेऊन ये.

पिठीसाखर
भोपळ्याच्या आतल्या गराचं काय करता सगळे? मी दरवर्षी टाकून देते आणि दरवर्षी जीव हळहळतो.

डोंगरवाट
मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. मुलांना भुताचे कपडे शिवायला आपल्याला वेळ असतो, किल्ला करायला नसतो. माझ्या पुतण्याला (डॅलस) व्हॅम्पायर माहीत आहे, वसुबारस माहीत नाही. दोन्ही करा म्हणणं सोपं आहे, पण शाळा, मॉल, टीव्ही सगळे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एकटी आई.

सांजवात
राग कशाला. एकटी आई हे अगदी खरं आहे. त्याच भीतीने मी सुरुवातीची दोन वर्षं हॅलोविन घरात येऊच दिला नाही. लेक खिडकीतून बघत बसायची. ते बघवलं नाही मला.

झेंडूची माळ
@डोंगरवाट, किल्ल्याचं मनावर घेतलं आम्ही. कॅल्गरीत ऑक्टोबरच्या शेवटी माती गोठून दगड होते, म्हणून सप्टेंबरमध्येच बादलीभर भरून गराजमध्ये ठेवतो. किल्ला गराजमध्येच. हॅलोविनला आलेली मुलं तो बघायला थांबतात. आणि इथे कॉस्च्युम स्नोसूटवरून बसेल असाच घ्यावा लागतो. आमची परी दरवर्षी गोलमटोल.

केळीचं पान
गोव्यात आमच्याकडे हॅलोविनची गरजच नाही. चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यात नरकासुर उभे. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, महिनाभर पोरं झोपत नाहीत. पहाटे जाळायचा, मग घरी येऊन तेल, न्हाणं, अंगठ्याखाली कारीट फोडायचं, मग फोव (पोहे). लहानपणी मी त्या तोंडाला इतकी घाबरायची की आजीच्या पदराआड चालायची. @सांजवात, तुझ्या सासूबाई गोव्याच्या असत्या तर हाडांची पँट बघून काहीच बोलल्या नसत्या :)

निर्मळतळं
वसईहून लिहितोय. हॅलोविन हे नावच मुळी 'सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ' यावरून आलं आहे. तो सण १ नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी, २ तारखेला, सर्व मृतांचा स्मरणदिन. आदल्या दिवशी आम्ही सगळे कबरी धुतो, फुलं घालतो, संध्याकाळी मेणबत्त्या. अख्खी दफनभूमी उजळते. भूत वगैरे काही नसतं त्यात, आजोबांशी गप्पा मारल्यासारखं असतं. माझी मुलगी आयर्लंडला नर्स आहे. ती सांगत होती, तिथे पूर्वी भोपळा नाही, सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. ते लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला.

कोथिंबीरवडी
आले. मुलं झोपली.
निर्मळतळं यांचं वाचून लिहायचं होतं ते बदललं. बाबा गेले ते वर्ष. जुलैमध्ये. घरात सण नव्हता, फराळ नाही, कंदील नाही. हॅलोविनला बाहेरचा दिवा बंद करून मुलांना घेऊन वरच्या खोलीत बसले होते. साडेआठला बेल वाजली. शेजारची म्हातारी बाई, आयरिश, ऐंशीच्या पुढची. तिने मुलांसाठी पिशवी बाजूला काढून ठेवली होती. आणि मला एक पांढरी मेणबत्ती दिली. म्हणाली, परवा आमच्यात गेलेल्यांसाठी लावतात, तुझ्या वडिलांसाठी लाव. २ तारखेला मी ती बाबांच्या फोटोसमोर लावली. त्या दिवाळीत घरात तेवढा एकच उजेड होता. ती बाई पण गेली मागच्या वर्षी. आता दोन लावते.

झेंडूची माळ
💛

सांजवात
काय बोलू. फोन बाजूला ठेवून आधी पाणी प्यायले.

दुधीभोपळा
मी इथेच वाढलेली, मराठी लिहिताना चुकले तर सांभाळून घ्या. आईबाबा १९७४ ला टोरोंटोत आले, सरकारने बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केल्यानंतर तीन वर्षांनी. धोरण कागदावर असलं तरी वर्गात मी एकटीच होते. दिवाळीला शाळा असायची आणि का दमलीस हे कुणाला सांगता यायचं नाही. पण हॅलोविनला सगळेच वेगळे दिसायचे ना, म्हणून तो माझा आवडता दिवस होता. गळ्यात युनिसेफची (गरजू मुलांसाठी मदत गोळा करायची) नारिंगी पेटी अडकवून जायचो, लोक त्यात सुटे पैसे टाकायचे. २००६ ला त्या पेट्या बंद झाल्या. आईने माझी अजून ठेवली आहे, त्यात ती हळकुंडं ठेवते. आता माझ्या मुलाच्या वर्गात दिवाळीला पणत्या रंगवतात. पहिल्यांदा त्याने ती घरी आणली तेव्हा मी गाडीतच रडले.

भरतीओहोटी
@दुधीभोपळा, एकही चूक नाही. माझी बहीण न्यूयॉर्कला, तिथे शहराच्या शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला मिळाली, हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी. भाचा म्हणाला, गोळ्या खाऊन पोट दुखणार म्हणून सुट्टी दिली :)

शेवंती
मेलबर्न. इकडे वसंत चालू, सूर्य मावळतच नाही, सगळी भुतं उन्हात.

आबाचीनात
अश्दोद, इस्रायल. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू, घरात मराठी अजून आहे. हॅलोविन नाही, पण मुलं नटतात आमच्या पुरीम सणाला, मार्चच्या आसपास. मुखवटे, राण्या, शिपाई, आणि शेजारीपाजारी खाऊची ताटं फिरतात. माझी आजी त्याला होळीचा सण म्हणायची, कारण कोकणात दोन्ही एकाच सुमाराला यायचे. इथे जन्मलेली माझी नात पण होळीचा सणच म्हणते, होळी एकदाही न बघता. तुमची खुर्ची वाचली आणि आजीच्या हातचा मलिदा आठवला.

पिठीसाखर
भोपळ्याच्या गराचं कुणीच सांगितलं नाही.

केळीचं पान
अगं घारगे! किसून गुळात शिजव, गार होऊ दे, मावेल तेवढी कणीक, चमचाभर रवा, मीठ, थापून तळ.

झेंडूची माळ
थांब थांब, कोरायच्या मोठ्या भोपळ्याचे नको. पाणचट असतो, कणीक पीतच राहतो आणि घारगे वातड होतात. अनुभव आहे. 'पाय पंपकिन' म्हणून छोटे मिळतात ते घे. मोठ्याच्या फक्त बिया भाज, मीठ-तिखट लावून.

पिठीसाखर
गूळ काळा की पिवळा?

नूरजहाजी
काळा. आणि तळून झाले की चार माझ्या टेबलावर, @सांजवात सोबत पाठव.