मदत हवी आहे : दर्शनी भिंतीवरचा चुन्यातला 'ला' पडलाय

तालुक्याच्या वाचनालयाच्या दारावर चुन्यात उठावाने केलेलं जुनं नाव आहे : 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. अक्षरं २२ सेंमी उंच, भिंतीपासून ४ सेंमी पुढे. 'लायब्ररी'तला 'ला' पडलाय; जागेवर गंजका खिळा आणि काथ्या दिसतो. शेजारचा 'य' टिचकी मारली की पोकळ वाजतो. सगळ्यावर ऑइलपेंटचे थर. रंगारी म्हणतो, पीओपीचा (प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा) करून चिकटवतो. चालेल का?

प्रतिसाद १
पीओपी बाहेर नको, पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भुसभुशीत होईल. सिमेंटही नको; ते चुन्यापेक्षा कडक, ओल आत कोंडते आणि मागचा मूळ गिलावा लोणा (ओलीने फुटणारे क्षार) लागून सुटतो.

खिळा गंजलाय म्हणजे वरून पाणी येतंय. आधी कंगोऱ्याच्या (नावावरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या) माथ्यावरच्या भेगा बघा, पिंपळाचं रोप असेल तर मुळासकट काढा. ते न करता अक्षर बसवलंत तर पुन्हा पडेल.

चुना : भट्टीतली ताजी कळी (न विरवलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात सोडून विरवा (पाणी कळीवर ओतू नका, उसळतं, डोळ्याला चष्मा हवाच). गाळून महिनाभर पाण्याखाली ठेवा. पिशवीतला पांढरा चुना बऱ्याचदा आधीच हवा खाऊन मेलेला असतो.

गाभ्याचा माल, मापाने : विरवलेला चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, धुतलेली वाळू दीड, त्यात २ सेंमीचे तागाचे तुकडे. गंजका खिळा काढून ४ मिमीच्या स्टेनलेस सळ्या दगडांच्या सांध्यात ६ सेंमी आत, तिरक्या. एका थराला १ सेंमीपेक्षा जास्त नको. अंगठा रुतेनासा झाला की पुढचा, साधारण आठवड्याने. गोणपाट ओलं ठेवून टांगा. शेवटचे २-३ मिमी चुना आणि गाळलेली संगमरवरी भुकटी समभाग.

प्रतिसाद २
आकार कॉम्प्युटरच्या फॉन्टवरून काढू नका. 'जनरल'मधला 'ल' शाबूत आहे ना? रंग काढून त्याचा सिलिकॉनचा साचा घ्या, त्यात पीओपीची प्रत ओता (इथे पीओपी खुशाल वापरा). गवंड्याने ती समोर ठेवून कंपासने मापं घेत जागेवरच अक्षर घडवावं. चुनाच साच्यात ओतलात तर आत हवा लागत नाही, दिवसेंदिवस ओला राहतो.
आपला पाकळीचा ल आहे, हिंदी छापाचा दंडाचा बसवू नका! कान्याचं मापही 'री'च्या उभ्या दांड्यावरून घ्या.

धागाकर्ता
आभार. 'य'चं काय? आणि ऑइलपेंट घासून काढू का?

प्रतिसाद १
कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं. ब्लोलॅम्पही (रंग जाळायची ज्योत) नको. रंग काढायची जेल लावून वर प्लॅस्टिक, मग लाकडी पट्टीने ओलंच खरवडा. कॉस्टिक सोडा टाळा, क्षार भिंतीत राहतात.

'य' आधी फळी आणि फोमने टेकवून धरा. ३ मिमीची भोकं खालच्या बाजूला, सिरिंजने पाणी, मग गाळलेला चुना आणि बारीक सुरखी, खालून वर, थोडं थोडं. सुरखी हवीच, कारण आत हवा पोचत नाही, नुसता चुना धरणार नाही. सुरखी कमी भाजलेल्या विटांची.

हे सगळं दिवाळीनंतर, उन्हाळ्याआधी. शेवटी दुधाइतक्या पातळ चुन्याचे ४-५ हात.

प्रतिसाद ३
इमारत नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का बघा. असेल तर परवानगीआधी परांची बांधू नका.