विषय: लेकीची स्कीची सहल – सगळे कायम बरोबर?

नाशिकहून, एक आई

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकहून लिहिते आहे. लेक म्युनिकला शिकते, तिच्यामुळेच मी या ईमेल-यादीवर आले. पुढच्या महिन्यात ती आणि तिचे सहा मित्रमैत्रिणी तीन दिवस आल्प्समधल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनला स्कीला निघालेत. एजंट नाही, कॉलेजची सहल नाही. राहायची जागा, गाडी, सामान, सगळं मुलांनीच ठरवलंय. दोघं तिकडचेच, चालायला लागल्यापासून बर्फात वाढलेले. दोघांनी गेल्या वर्षी आठवडाभर शिकून घेतलंय. लेकीनं आणि तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं स्की पायात कधी घातलीच नाही. सातव्या मैत्रिणीचा गुडघा दुखावलेला आहे, ती नुसती सोबतीला येतेय.

मी एवढंच सांगितलं, सगळे एकत्र राहा, कुणाला मागे सोडू नका. ब्रह्मगिरीला, अंजनेरीला जाताना आम्ही पोरांना हेच शिकवलं. ती म्हणाली, "आई, आमचं तेच ठरलंय, सगळे कायम बरोबर." तरी जिवाला स्वस्थता नाही. कुणी अशी सहल केली असेल तर सांगा.

– गंगापूर रोडची काकू

उत्तर: नाशिकहूनच

काकू, नमस्कार.

मी म्युनिकला शिकून नाशिकला परतले, आता नोकरी सातपूरला. यादी सोडवत नाही म्हणून अजून इथे आहे. तुमची मेल वाचली आणि "सगळे कायम बरोबर" इथेच अडकले, कारण आमचंही नेमकं तेच ठरलं होतं.

दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही आठ जण ऑस्ट्रियात गेलो होतो. एक मित्र अगदी नवा. सकाळी तो पायथ्याच्या सपाट उतारावर छान रमला होता. दुपारी आम्हाला वाटलं, याला एकट्याला खाली कसं ठेवायचं? प्रेमानंच वर नेलं. वरून खाली यायला लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतार होता. पहिल्याच वळणाला तो बसला. आम्ही सगळे त्याच्या खाली उभे राहून ओरडून सूचना देत होतो, प्रत्येकाची वेगळी. पाऊण तास तो एका जागी थिजला. शेवटी आमच्या आग्रहाखातर उठला, स्की एकमेकींत अडकल्या आणि गुडघा पिळवटला. बचाव पथकानं त्याला घसरगाडीवर बांधून खाली नेलं. अस्थिबंध फाटला होता. तो आम्हाला एका शब्दानं बोलला नाही. पण वर नेणाऱ्या लिफ्टच्या (रोपवेच्या) रांगेत "चल रे, काही होत नाही" म्हणणारी मी होते, आणि ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

काकू, आपला डोंगराचा नियम खरा आहे. शेवटच्या माणसाच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. पण तो पायी चढणाऱ्यांचा नियम. हरिहरच्या पायऱ्या कितीही उभ्या असल्या तरी पायरी जागची हलत नाही. धाप लागली की खोबणीला धरून थांबता येतं. स्कीवर थांबणं हीच पहिली शिकायची विद्या. नव्या माणसाचा पाय त्याच्या मनाविरुद्ध पुढे जातो. तिथे त्याला बरोबर नेणं म्हणजे त्याचा आधार काढून घेणं. आणि त्याच्यासाठी उताराच्या मधोमध ताटकळणारे जाणते गारठतात, शिवाय वरून येणाऱ्यांच्या वाटेत येतात.

म्हणून दिवस एकत्र, उतार वेगळे. सकाळी नव्या दोघी शिक्षकाबरोबर, मधले दोघं निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावर, तिकडचे दोघं त्यांना हवं तिथे. दुपारच्या जेवणाला ठरल्या वेळी ठरल्या जागी सात जण, आणि संध्याकाळ सगळ्यांची. जाणत्यांनी रोज एक फेरी नव्यांच्या उतारावर त्यांच्यासोबत मारावी. तेवढ्यानं फार बळ येतं.

शिकवणी मात्र मित्राकडून नको. वयाच्या चौथ्या वर्षी शिकलेल्याला आपण वळतो कसे हे सांगता येत नाही, तो फक्त "असं कर" म्हणतो. शिक्षक आधी पडायला आणि उठायला शिकवतो. मग स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब ठेवून वेग कमी करायला. मुलं त्याला पिझ्झा म्हणतात. ही फी सातही जणांनी सामायिक पैशातून भरावी असं माझं ठाम मत आहे. दोघींची सुरक्षितता हा सगळ्यांच्याच सहलीचा खर्च आहे. लिफ्टचा पास उलट ज्याचा त्यानं काढावा. पहिल्या दिवशी नव्यांना पूर्ण डोंगराचा पास लागतच नाही.

रंगांविषयी. तिकडे निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. निळ्याचा उतार साधारण २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० पर्यंत. पण सकाळी मऊ असलेला निळा दुपारी चारला घासून काचेसारखा होतो, त्यात सगळे दमलेले आणि खाली उतरणाऱ्यांची गर्दी. रोपवेच्या मोठ्या केबिनमधून वर जाता येतं तसं बसून खालीही येता येतं. आमच्या मित्राला हे कुणी सांगितलंच नव्हतं. लेकीला निघण्याआधी नक्की सांगा, आणि केबिननं उतरण्यात कमीपणा नाही हेही.

गार्मिशचं क्रॉइत्सएक साधारण १६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढंच (१६४६). उंचीनं दम लागण्याचा प्रश्न नाही. पण त्याच डोंगरावरून विश्वचषकाच्या शर्यतींचा कांडाहार उतार जातो. जाणत्यांना त्याचा मोह होणारच. होऊ दे, फक्त नव्यांना "बघायला" म्हणून तिथे नेऊ नये.

भाड्याचं सामान घेताना वजन, उंची, वय आणि येतं किती, हे विचारतात. त्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, कितीच्या जोरानं सुटावं ते ठरतं. वजन कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा निघते. येत नसताना येतं म्हटलं तर पडल्यावर सुटत नाही, आणि मग पिळा गुडघ्यावर येतो. तिथे लाजू नये. हेल्मेट घ्यायचंच.

– सातपूरची ताई

उत्तर: म्युनिकहून

काकू, ताईंनी मुख्य ते सांगितलं. माझी थोडी भर.

गार्मिशला म्युनिकहून साधी प्रादेशिक रेल्वेगाडी जाते, दीड तासाच्या आतच. ज्यांच्याकडे डॉइचलांड-तिकीट (देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) आहे त्यांना वेगळं काढावं लागत नाही. बाकीच्यांनी मिळून बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं तिकीट) काढावं, एकावर पाच जण जातात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी तशी अट नाही.

विमा आजच बघायला सांगा. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यात दवाखान्याचा खर्च निघतो, पण डोंगरावरून हेलिकॉप्टरनं उचलून आणण्याचा खर्च त्यात येईलच असं नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं. अडचणीत फोन ११२.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. मुलांनी निदान दोन पाठ करावेत. वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं. आणि थांबायचं ते कडेला, अरुंद जागी किंवा वळणाआड कधीच नाही.

गुडघा दुखणाऱ्या मुलीसाठी पार्टनाखची घळ आहे. दोन्हीकडे उंच कडे, हिवाळ्यात त्यांवरून बर्फाचे खांब लोंबतात. वाट घसरडी असते, तेव्हा बुटांना काटे लावून आणि आधी गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून जावं. घळ उघडी आहे ना, तेही त्या दिवशी पाहावं.

– म्युनिकचा एक दादा

उत्तर: पुन्हा नाशिकहून

ताई, दादा,

काल रात्री लेकीशी तासभर बोलले. आधी तिला वाईट वाटलं. म्हणाली, वेगळंच राहायचं तर सोबत जायचं कशाला? मग मी तिला तुमच्या मित्राचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. आज सकाळी तिचा निरोप आला. दोघींची दोन दिवसांची शिकवणी नोंदवली, पैसे सामायिक. रोज साडेबाराला पायथ्याशी भेटायचं. तिकडच्या मुलानं आपणहून सांगितलंय की दुपारचा पहिला तास तो या दोघींसोबत काढेल. गुडघ्याची मुलगी घळ बघणार आहे, आणि तिनं खिचडी करायचं पत्करलंय. विम्याचं आज करते म्हणाली.

आता माझं एक. ओळखीचं कुणी पुढच्या आठवड्यात म्युनिकला निघालंय, त्यांच्याबरोबर चिवडा आणि लोकरीचे जाड मोजे पाठवते आहे. दोन-दोन जोड एकावर एक घातले तर चालतील ना?

– काकू

उत्तर

काकू, चिवडा जरूर पाठवा, मोजे नकोत. स्कीचा बूट पायाला घट्ट बसावा लागतो. जाड किंवा दोन मोजे घातले की पाय आत हलतो, रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. एकच पातळ, लांब, सुती नसलेला जोड पुरतो. सुती कपडा आतून ओला झाला की वाळत नाही, म्हणून जीन्सही नको.

माझ्याकडे गॉगल आणि पाण्यानं न भिजणारे हातमोजे पडून आहेत, लेकीच्या कामी येतील. रविवारी दहानंतर मी घरीच आहे, तुम्ही या. पत्ता तुम्हाला वेगळा कळवते.

– ताई