गिधाडं गेली, काय बिघडलं? खूप बिघडलं भो

पिलबाग रावेर: एखादा पक्षी संपला की लोक लगेच रडायला लागतात. डायनोसॉर गेले, चित्ता गेला, आमच्या गावची गिधाडं मी शाळेत असताना गेली. काय बिघडलं? पाऊस पडतो, केळी पिकते. निसर्ग रिकामी जागा आपोआप भरून काढतो.

चोपडेकर: सकाळपासून दोनदा फोन बाजूला ठेवला पण तुमचं ते "काय बिघडलं" डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय, लांबेल. जागा भरली हे खरं, पण कोणी भरली? कुत्र्यांनी. आमच्या नाल्यापलीकडे मेलेली ढोरं टाकायचे. मोठा थवा उतरला की तासाभरात नुसती हाडं उरायची, आणि गिधाडाच्या पोटातलं आम्ल असं जहाल की काळपुळीचे जंतूसुद्धा तिथेच मरतात. आता ढोर आठ-आठ दिवस सडतं आणि त्यावर पोसलेली कुत्री शेतात फिरतात. माझ्या चुलत बहिणीला कपाशी वेचताना त्यातलंच एक चावलं. तालुक्याला रेबीजची लस होती, जखमेत टोचायचं सिरम नव्हतं, रात्री गाडी करून जळगाव गाठलं. तिचा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये हजारातलं एखादंच उरलं. दोन अर्थतज्ज्ञांनी गिधाडांचे जिल्हे आणि बिनगिधाडांचे जिल्हे यांतल्या मृत्यूंची तुलना केली, २०२४ ला छापून आलं, २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली असा त्यांचा अंदाज आहे. पाऊस पडतो हो, पण ही माणसं गेली ना.

पिलबाग रावेर: आकडे राहू द्या. मला रानडुकरांचं सांगा. एका रात्रीत दोन एकर मका लोळवला, पंचनाम्यासाठी तीन चकरा मारल्या, पैसे वर्षाने आले ते खताच्या गोणीलाही पुरले नाहीत. जे संपायला पाहिजे ते का संपत नाही?

कापूसवाली अमळनेर: डुकरांचं अगदी खरंय. आमचा हरभरा दोन वर्षं घरात आलाच नाही.

चोपडेकर: दादा, डुकराला खाणारे वाघ, लांडगे आपल्या सातपुड्यात किती राहिले? त्यात ओलिताचा मका म्हणजे त्यांना बाराही महिने दडायला जागा आणि ताट वाढलेलं. तुम्ही माझाच मुद्दा सांगताय.

पिलबाग रावेर: मग वाघ सोडता का माझ्या बागेत? सालदार रात्री दोनला पाणी भरायला जातो, त्याच्या बायकोला तुम्ही तोंड द्याल का?

कापूसवाली अमळनेर: रात्री जायची वेळच का येते? लाईट दिवसा द्या म्हणून किती वर्षं ओरडतोय आम्ही. साप चावायची भीतीही रात्री असतेच.

पशुवैद्य धुळे: लाईटवर वेगळं बोलू. गिधाडं मेली ती डायक्लोफिनॅकनं. दुखण्यावर ढोराला टोचायचं, ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी जायची. शंभरात एका मढ्यात औषध असलं तरी थवे संपायला पुरे, कारण मादी वर्षाला एकच अंडं घालते. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या त्याच औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ ला कुपी ३ मिलीची केली. २०२३ ला किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तसलीच औषधंही जनावरांसाठी बंद. दुखण्यावर मेलोक्सिकॅम चालतं, ते गिधाडाला बाधत नाही.

पिलबाग रावेर: म्हणजे फिरून दोष शेतकऱ्याचाच! पोळ्याआधी माझा बैल लंगडत होता, डोळ्यातून पाणी काढत होता, तेव्हा मी आकाशाकडे बघत बसायचं होतं का? औषध आम्ही बनवलं नाही, जे दिलं ते टोचलं.

पशुवैद्य धुळे: तुमचा दोष म्हटलेलंच नाही. आम्हीही तेच लिहून देत होतो, हे मान्य करतो.

शहाद्याची लेक: वनपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १८८४ नंतर ११३ वर्षं कोणाला दिसला नव्हता, संपला म्हणूनच धरलं होतं. १९९७ ला आमच्या शहाद्याजवळ सापडला, कारण थोडं मोकळं सागवान उभं होतं. तेही तोडलं असतं तर? आपोआप जागा भरते म्हणता, पिंगळ्याची कोण भरणार होतं?

पारोळ्याचा पोरगा: मी एवढा वेळ नुसतं वाचत होतो. माझे आजोबा ढोरं ओढायचे, ते काम गावानं आमच्या घरावर टाकलेलं होतं. कातडं काढलं की बाकीचं गिधाडं उरकायची, आजोबा वाळलेली हाडं वेचून विकायचे. गिधाडं गेली तरी ढोर ओढायला आम्हालाच बोलावणं यायचं, फक्त आता ते सडायचं आणि वारा सुटला की वास आमच्याच वस्तीत यायचा. आई दारं लावून स्वयंपाक करायची. खड्डा खणा म्हटलं तर जेसीबीचे पैसे द्यायला कोणी पुढे आलं नाही. पिलबागवाले भाऊ, तुम्हाला काही बिघडलेलं दिसलं नाही कारण ती जागा तुमच्या घरापासून लांब होती.

पिलबाग रावेर: हे मला सुचलं नव्हतं. बरं, "काय बिघडलं" हे मागे घेतो. बैलाला यापुढे मेलोक्सिकॅमच मागेन. पण डुकरांचं मागे घेत नाही, पंचनाम्याचं कोणीच बोललं नाही.

पारोळ्याचा पोरगा: डुकरांवर मी तुमच्याच बाजूनं आहे. एवढं सांगा, मागच्या वर्षी तुमच्याकडचं ढोर मेलं असेल तर कुठे टाकलं, आणि ओढायला कोणाला बोलावलं?