'वैयक्तिक फायदा' म्हटलं की स्वार्थच वाटतो, मग यशामागच्या आधाराला शब्द कोणता?

गिरणाकाठ
मंडळी, एका शब्दापाशी काम अडलंय. आमच्या गावच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती करणारी पोरं-पोरी तिथे सकाळपासून बसतात. त्यांच्यासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करून द्यायचं मी कबूल केलं. लेख अवघड नाही, म्हणणं एवढंच की माणूस पुढे जातो त्यात मेहनत असतेच पण घरचा पैसा, आईबापांचं शिक्षण, ओळखी, तब्येत, शहरात राहणं याचाही वाटा असतो आणि तो धरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. मी मथळा केला 'यशात वैयक्तिक फायद्यांचा वाटा' आणि कागद फळ्यावर लावून आले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पेनाने खाली लिहिलेलं, 'म्हणजे भ्रष्टाचार का?' ज्या मुलीने लिहिलं ती भेटली, आणि तिचं काही चुकलेलं नाही. वैयक्तिक फायद्यासाठी पदाचा वापर, वैयक्तिक फायद्यासाठी पक्ष सोडला, पेपरात आपण हेच वाचत आलोय. मराठीत हे दोन शब्द शेजारी आले की माणूस खोटाच ठरतो.

दुसरं असं की दहावी-बारावीचा निकाल लागला की 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' हे वाक्य ठरलेलं. पण ज्याला सगळं अनुकूल होतं त्याच्या बातमीत तसं कधी लिहिलेलं बघितलंय का कोणी? 'अनुकूल परिस्थितीचा लाभ घेऊन ९५ टक्के' असं? त्याच्या वाट्याला फक्त 'जिद्द आणि चिकाटी' येते. मला त्या अनुकूल गोष्टींना एक नाव पाहिजे, शिवी नको आणि कौतुकही नको.

नाना_साक्री
ताई, शब्द तुम्हीच लिहिलात की. अनुकूलता. शुद्ध आहे, नेमका आहे आणि प्रतिकूलतेच्या समोर बरोबर उभा राहतो. तेहतीस वर्षं मराठी शिकवलं मी, शब्द नाही असं म्हणण्याआधी आपण तो वापरायचा सोडला का हे बघावं. 'विशेषाधिकार' मात्र घेऊ नका. इंग्रजी प्रिव्हिलेजचं मूळ लॅटिनमध्ये आहे, एकट्यापुरता कायदा असा त्याचा अर्थ, म्हणून विशेषाधिकार म्हणजे कोणीतरी लिहून दिलेला हक्क. विधानसभेत आमदाराचा तो मोडला तर आपण सरळ हक्कभंग म्हणतो. घरात पुस्तकं असणं हा कोणी लिहून दिलेला हक्क नव्हे.

केळीबाग_रावेर
नाना राग नका मानू पण अनुकूलता शब्द बोलण्यात नाही कोणाच्या, हवामानखात्यात आहे. आमच्याकडे विचारा, माणूस सरळ म्हणेल 'बापाच्या जिवावर' नायतर 'आयतं'. आयती बाग, आयतं ठिबक, आयती बोअर.

गिरणाकाठ
दादा तीच तर अडचण आहे. आयतं म्हटलं की आयत्या बिळावरचा नागोबा आलाच. ज्याला आयतं मिळालं त्याने काहीच केलं नाही असा अर्थ होतो, आणि लेखात तसं नाही. बाग आयती मिळाली तरी घड काही आयता पडत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

केळीबाग_रावेर
हे खरं. केळीवरचा करपा रोग बापाला ओळखत नाही. मग 'भांडवल' घ्या, त्यात सगळं येतं, पैसा पण येतो, ओळख पण येते, अंगातली ताकद पण. जळगावच्या भवरलाल जैनांचं आपल्याकडे सगळेच सांगतात, १९६३ साली सात हजारावर धंदा सुरू केला. पण ते सात हजार घरातल्या तीन पिढ्यांची शिल्लक होती हे पुढचं वाक्य गाळून सांगतात लोक, ते वाक्य पण सांगितलं पाहिजे, त्याने माणूस लहान होत नाही.

मैदान_धुळे
पोरांची भरतीची तयारी घेतो मी, पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. भांडवल म्हटलं तर पोरं पैसेच समजतील. आमच्याकडे सगळ्यात मोठा फायदा कोणता तर उंची. पुरुषाला १६५ सेंटीमीटर लागते, मुलीला १५५. गेल्या खेपेला माझा एक पोरगा, सोळाशे मीटरला सगळ्यात पुढे राहायचा, गोळा चांगला, लेखीची तयारी पक्की, आणि उंचीला अर्धा सेंटीमीटर कमी. मापाच्या आदल्या रात्री आम्ही त्याला संध्याकाळपासून आडवा झोपवला, उठू दिलं नाही, पाणी पण पडल्या पडल्या पाजलं, कारण सकाळी माणूस थोडा उंच भरतो. गाडीत मागच्या सीटवर आडवा घालूनच नेला. टाचा जुळवून उभा राहिला, वरची पट्टी डोक्यावर टेकली, मापणाऱ्याने दोनदा बघितलं आणि नाव खोडलं. त्याच दिवशी त्याच रांगेत सहा फुटी पोरगा होता, त्याने उंचीसाठी काय केलं होतं? काही नाही. पण म्हणून त्याला आयतं खाणारा म्हणणार का, पळाला तर तोही. मला वाटतं याला 'अंगभूत' म्हणतात, आणि पैसा-ओळखी हे वेगळं, दोन्हीला एक शब्द शोधूच नये.

नाना_साक्री
मैदानवाले दादांचं म्हणणं मोलाचं आहे. उपजत, अंगभूत हे आतलं आणि पाठबळ हे बाहेरचं. मराठीने हा भेद आधीच केलेला आहे, इंग्रजीने दोन्ही एकाच पोत्यात भरलं तर आपण का भरावं? आणि श्रीमंतीपुरताच शब्द हवा तर 'गर्भश्रीमंत' आहे. हल्ली सगळे 'चांदीचा चमचा तोंडात घेऊन' लिहितात, तो चमचा बाहेरून आलेला आहे. आपली पोरं वाटी-बोंडल्याने दूध पीत होती.

भुसावळ_जंक्शन
नाना नेहमीप्रमाणे शुद्धतेवर आले! पण रोजच्या बोलण्यात आपण या बाबतीत जे शब्द वापरतो ते बघा, फायदा अरबी, वशिला अरबी, सवलत अरबी, नशीब अरबी. माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली, जोडीला एक उर्दूवाले खानसाहेब होते. मी एकदा बोलता बोलता म्हणालो की त्याला वशिल्याने नोकरी लागली, तर ते म्हणाले अरे चांगलंय की, वसीला तर अल्लाह देतो. त्यांच्याकडे वसीला म्हणजे साधन, पोचायचा मार्ग. आपल्याकडे येईपर्यंत तो शब्द मागच्या दाराने आत जायला लागला. मला तर वाटतं गिरणाताईंनी वशिलाच घ्यावा आणि त्याला धुवून परत जागेवर बसवावा.

गिरणाकाठ
काका, एका फळ्यावरच्या कागदाने शब्द धुतला जात नाही हो. फायद्यावरून भ्रष्टाचार आठवला तर वशिल्यावरून काय आठवेल!

आंडेर_शिरपूर
'सवलत' तर अजिबात घेऊ नका ताई. अभ्यासिकेत सवलत म्हटलं की लोक एकाच दिशेला बघतात, मी बसलेय तिथे, माझ्याकडे बघतात. माझ्या फीच्या सवलतीला जातीचा दाखला लागला, उत्पन्नाचा लागला, तहसीलला चार खेपा झाल्या, म्हणून ती सगळ्यांना दिसते. शेजारी बसणारीचे वडील प्रोफेसर, तिला कुठला क्लास लावायचा, कुठली पुस्तकं वाचायची, मुलाखतीला काय घालायचं हे जेवताना कळतं, त्याला दाखला लागत नाही म्हणून ते कोणाला दिसत नाही. मला तिचा राग नाही, तिने मला नोट्स दिल्यात. पण नाव दोघींच्या गोष्टीला पाहिजे ना. माझ्या गोष्टीला दहा नावं आहेत.

बोरीकाठ
शिरपूरच्या ताई, पटलं. मी अमळनेरचा, म्हणून आमच्या गावची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे. १९४५ साली आमच्याकडे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याचंच विप्रो झालं. १९६६ ला वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून एकविसाव्या वर्षी परत आले आणि कारखाना हातात घेतला. गावातल्या बऱ्याच घरांनी तेव्हा त्या कंपनीचे शेअर घेतलेले. माझ्या आजोबांनी पण घेतलेले, थोडेसेच, आणि आत्याच्या लग्नात विकले. आमच्या गल्लीत दुसऱ्या एका घरी ते पेटीत पडून राहिले, कोणी हात लावला नाही. पुढे त्या घराचं काय झालं आणि आमचं काय झालं ते सांगायला नको. त्यांच्या आजोबांना काही जास्त अक्कल होती असं ते स्वतः पण म्हणत नाहीत, त्यांच्याकडे त्या वर्षी लग्न नव्हतं एवढंच. आमच्या घरी याला एकच शब्द, नशीब.

भुसावळ_जंक्शन
आणि नशीब म्हणजे मुळात अरबीत वाटा, हिस्सा! तुम्ही शेअरची गोष्ट सांगितली आणि शब्द पण शेअरचाच निघाला.

नाना_साक्री
हे मला ठाऊक नव्हतं. छान. पण नशिबाला जबाबदार कोणी नसतं, म्हणून हा शब्द मला धोक्याचा वाटतो. प्रोफेसरच्या घरात जन्मणं नशीब म्हणा, पण शिरपूरच्या पोरीला मुलाखतीचं कोणी सांगायला नाही हे नशीब म्हणू नका, त्याला उपाय आहे. पोरी, मला निरोप पाठव, मुलाखतीची तयारी मी घेतो.

केळीबाग_रावेर
नाना 🙏

लेवापाटील_असोदा
उशिरा आलो. मला 'शिदोरी' सुचतो. घरून कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या, चालायचं तुम्हालाच आहे. शिवी नाही, कौतुक नाही.

गिरणाकाठ
मला खूप आवडला होता हा शब्द, म्हणून आज लगेच वर जाऊन विचारलं. तीच मुलगी म्हणाली, मॅडम शिदोरी तर सगळ्यांनाच असते की, माझ्या आईने पण डबा दिलाय. शिवाय निरोपसमारंभात 'संस्कारांची शिदोरी' इतक्यांदा ऐकलंय की आता त्यात भाकर दिसतच नाही.

लेवापाटील_असोदा
मग आमच्या गावच्या लेकीचंच उदाहरण घ्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी जात्यावर, शेतात. त्या १९५१ ला गेल्या, मग मुलगा सोपानदेव यांनी गाणी उतरवलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक झालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मुलगा स्वतः कवी नसता तर? प्रतिभा तर तीच राहिली असती ना.

बोरीकाठ
म्हणजे बहिणाबाई मोठ्या झाल्या त्या मुलामुळे असं म्हणता का? हे मला नाही पटत. गाणी त्यांची आहेत.

लेवापाटील_असोदा
तसं म्हणलोच नाही भाऊ. गाणं त्यांचं, आपल्यापर्यंत पोचलं ते घरात लिहून घेणारा होता म्हणून. माझी पणजी पण ओव्या करायची असं आजी सांगते, अख्ख्या गल्लीतल्या बाया ऐकायला यायच्या म्हणे. एक ओळ उरली नाही. लिहून घ्यायला घरात कोण होतं? मी काय गमावलं ते मला माहीतच नाही, म्हणून जास्त लागतं.

गिरणाकाठ
दादा, हे वाचून थांबले थोडा वेळ.

पाटकरी
मी साक्री तालुक्यातला, पांझरेकाठी शेती. तुम्हाला पाहिजे तो शब्द कालव्यावर सापडेल असं मला वाटतं. कालव्याच्या तोंडाशी शेत असलं की पाणी आधी, भरपूर, रात्री उठायचं काम नाही. शेपटाला असलं की आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपत आलेलं असतं आणि वरच्यांचं भिजून राहिलं तर तुमचं. माणूस तोच, बियाणं तेच. दोन्हीकडे मेहनत आहे, उलट शेपटाला जास्त. म्हणून आम्ही म्हणतो 'त्याचं शेत वरचं आहे'. यात कोणाला शिवी नाही, नुसतं कुठे उभा आहे ते सांगितलंय. आणि आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं म्हणून फड पद्धत होती. नदीला बंधारा, त्याचा पाट, पाटाखाली तीन-चार फड म्हणजे जमिनीचे मोठे भाग, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि खातेदाराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात. म्हणजे एकटा कायमचा वर नाही, एकटा कायमचा खाली नाही. पाणी पाटकरी, म्हणजे पाणी वाटायला नेमलेला माणूस, सोडणार, मालकाने दारं धरायला जायचंच नाही. माझे पणजोबा पाटकरी होते, त्यांचं स्वतःचं शेत असताना सुद्धा स्वतःच्या हाताने स्वतःला पाणी घेत नसत.

गिरणाकाठ
'वरचं शेत'! पाटकरीदादा, हे मुलांना लगेच कळेल. पण मथळ्यात कसं बसवू? 'यशात वरच्या शेताचा वाटा' वाचून कृषीसेवकच्या परीक्षेचं समजतील.

नाना_साक्री
मथळ्यात अनुकूलता ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात वरचं शेत. मी अजून माझ्या शब्दावर आहे.

भुसावळ_जंक्शन
आणि मी माझ्या. पण पाटकरी, मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही शेपूट म्हणालात, आमच्याकडे हतनूर धरणाच्या पाण्यावर सगळे 'टेल' म्हणतात, टेलला पाणी पोचलं का, टेलवाले. कालवे साहेबाच्या काळात आले तेव्हा हा शब्द आला असेल. फड तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, मग तुमच्या जुन्या माणसांचा शब्द कोणता? शेपूट हे टेलचंच भाषांतर तर नाही?

पाटकरी
हा विचार मी कधी केला नव्हता. मी लहानपणापासून शेपूटच ऐकलंय असं वाटतं पण आता खात्री नाही, टेल पण ऐकलंय. आजोबा बोलायचे ते सगळं अहिराणीत, त्यांचा काहीतरी तिसराच शब्द होता शेवटच्या तुकड्याला.

नाना_साक्री
'सरता' असेल. सरता फड. सरणं म्हणजे संपणं.

केळीबाग_रावेर
सरता म्हणजे शेवटचा हो, पण शेताला म्हणताना मी तरी ऐकला नाही.

पाटकरी
तो नाही नाना. ओठावर आहे पण येत नाही. वडिलांना माहीत असणार, आता झोपलेत ते, सकाळी पाण्यावर जाताना विचारतो.