कोर्टाची नवी बिल्डिंग कोर्ट फीतून बांधायची का?

तापीकाठचा: परवा तालुक्याच्या कोर्टात तारखेला गेलो होतो. पक्षकारांना बसायला दोन बाकडी, बाकी सगळे निंबाखाली, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर माहितीच आहे, आणि बायांच्या संडासाला कुलूप. बिल्डिंग मागितली की उत्तर एकच, निधी नाही. माझं म्हणणं, नवा दावा दाखल होताना कोर्ट फीवर थोडे जादा घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा नि त्यातूनच बांधा. जो पायरी चढतो त्याने थोडा भार उचलला तर काय बिघडलं?

घडवाला: बिघडतं ना भो. व्यापाऱ्याने माझे केळीचे पैसे बुडवले, माल कापून ट्रक भरून गेला अन् फोन बंद. दावा टाकायचा तर मागणीच्या रकमेवर फी आधी मीच भरायची, वर वकील, वर टायपिंग, वर येणंजाणं. बुडवणारा घरी पंख्याखाली आणि कोर्टाच्या विटा मी घ्यायच्या?

तापीकाठचा: जिंकला तर खर्चासह डिक्री, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूम, होते की.

घडवाला: कागदावर. पुढे वसुलीसाठी परत दरखास्त टाका, कोर्टाच्या बेलिफामागे फिरा. एकदा वसुली करून दाखव, मग बोलू.

काळा कोट: प्रॅक्टिस करतो म्हणून सांगतो. जानेवारी 2018 पासून राज्यात कोर्ट फीची कमाल मर्यादा 3 लाखांची 10 लाख झाली. निंबाखालची गर्दी हलली का? फी सरकारी तिजोरीत जाते. आणि बिल्डिंगसाठी केंद्राची योजना 1993-94 पासून आहेच, आपल्यासारख्या राज्याला केंद्र 60 टक्के देतं, राज्याने 40 घालायचे. आणखी एक गंमत, लोकअदालतीत तडजोड झाली की भरलेली फी परत मिळते. म्हणजे बिल्डिंग पाहिजे तर तडजोडी होऊ नयेत असा नवस बोलावा लागेल 😄

तापीकाठचा: जादा आकार परत द्यायचाच नाही, संपलं.

कळण्याची भाकर: मग तडजोड करणाऱ्यालाच दंड झाला ना दादा? आणि त्याच बिल्डिंगीत चोरीमारीचे खटले चालतात, आरोपी, पोलिस, साक्षीदार, सरकारी वकील सगळे तिथेच, ते सरकार चालवतं. त्यांच्या खोल्यांचा खर्च बांधाच्या भांडणवाल्याने का द्यायचा? शिवाय नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे दावे छोट्या रकमेचे, तिथे खात्यात जमणार काय? पैसा जळगावला जमेल, बिल्डिंगही जळगावलाच होईल. संडासाच्या कुलपाचं मात्र पटलं, सकाळी पाणी न पिता कोर्टात जाते मी.

तापीकाठचा: धडगावचं मान्य, ते डोक्यात नव्हतं आलं. मग 5 लाखांवरच्या दाव्यांनाच लावा, बँका भरतील.

काळा कोट: बँकांची 20 लाखांवरची वसुली डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या वेगळ्या न्यायाधिकरणात जाते, आपल्या कोर्टात येतच नाही.

घडवाला: अन् भाव बरा असला तर केळीच्या दोन ट्रकांतच 5 लाख होतात भो. बँक नाही मी.