सल्ला हवा: मॅसिडोनियन सारिसा कुठे बघायला मिळेल?

पायपीट:
पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने ग्रीसमध्ये थेसालोनिकीला जातोय. शनिवार-रविवार मोकळा आहे. अलेक्झांडरच्या पायदळाचे ते लांबलचक भाले, म्हणजे सारिसा, बघायची फार हौस आहे. गूगल करावं तर याच नावाची, युद्धखेळांसाठी छोटी लाकडी घरं विकणारी ब्रिटिश कंपनी आणि एक अमेरिकन फंडवाले समोर येतात! कुठे जाऊ? आधी काय वाचू?

मुशाफिर:
डोळे झाकून व्हर्जिना. पुरातत्त्वज्ञ अँड्रोनिकोस यांना 1977 मध्ये सापडलेली मॅसिडोनियाच्या राजघराण्याची थडगी मातीच्या टेकाडाखाली जागच्या जागी ठेवून तिथेच संग्रहालय केलंय. वेरियापर्यंत बस, तिथून दुसरी बस. पेल्ला, म्हणजे मॅसिडोनियाची जुनी राजधानी, रविवारी करा.
पण एक आधीच सांगतो, अख्खी सारिसा जगात कुठेच शिल्लक नाही. लाकूड कधीच कुजलं, उरलंय ते लोखंड. व्हर्जिनाच्या उत्खननात मिळालेलं एक पातं 51 सेंमी लांब आणि सव्वा किलो वजनाचं आहे. बुडाचं लोखंडी टोकही किलोभर. सोबत 17 सेंमीची नळी मिळाली.

चहाबाज:
त्या नळीवरून अभ्यासकांची जुनी भांडणं आहेत. काही म्हणतात, दांडा दोन तुकड्यांत नेऊन ऐनवेळी जोडायचे. मला नाही पटत. ऐन गर्दीत सांधाच आधी दगा देणार.

रानवाटा:
वाचायला जुना ग्रीक इतिहासकार पॉलिबियस, 18 वा खंड, प्रकरण 28 ते 32. इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. बाकी यूट्यूबवरचं निम्मं ऐकूच नका. पॉलिबियसच्या काळात सारिसा 14 हातांची होती (त्यांचा हात आपल्यासारखाच, साधारण दीड फुटाचा). दोन्ही हातांनी धरल्यावर चार हात मागे जायचे, दहा हात पुढे. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या शिपायाच्या पुढे पाच टोकं निघायची. रोमन शिपायाला तलवार फिरवायला जास्त जागा लागे, म्हणून एकट्या रोमनासमोर दोन माणसं आणि दहा टोकं! सहाव्या रांगेपासून मागचे भाले तिरपे वर धरत, तेवढीच वरून येणाऱ्या माऱ्याला आडकाठी.
एवढं असून मॅसिडोनियन रोमनांकडून हरले का, तेही पॉलिबियस सांगतो. सपाट, मोकळी जमीन नसेल तर भालेकऱ्यांची फळी फुटते आणि फटीत रोमन घुसतात. हरलेल्या लढाया म्हणजे इ.स.पू. 197 ला किनोस्केफाले, 168 ला पिडना. पिडना जिंकणारा रोमन सेनापती एमिलियस पॉलससुद्धा म्हणायचा, या फळीहून भयंकर दृश्य पाहिलं नाही.

पायपीट:
भारी! मग रविवारी पेल्लाऐवजी पिडना करू का?

मुशाफिर:
नको. तिथली जमीन वाचून गेलेल्यालाच बोलते, आणि तुमचं वाचन अजून व्हायचंय. पेल्लाचं संग्रहालय बघा, गारगोट्यांनी सिंहाच्या शिकारीचं चित्र केलेली फरशी चुकवू नका.

रानवाटा:
गाडी भाड्याने घेणार असाल तर दोन्ही होईल. कातेरिनीच्या रस्त्याने जा, पण सकाळी लवकर निघा.